कॉर्नेलच्या अहवालावरची माझी सही

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या जलमंडळाच्या प्रमुख मिसेस डोनाहू, व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले संचालक मिस्टर हॉलस्टेड, पंपघरातली, प्रयोगशाळेतली आणि जलवाहिन्यांवरची माझी सगळी माणसं, आणि क्लीव्हलँडहून आलेली माझी धाकटी बहीण आयरीन, जिनं गाडीतून उतरतानाच "ओडेसा, लांबण लावू नकोस, लोकांना केक खायचाय" असं बजावलंय. आपणा सर्वांना ओडेसा प्रुइटचा नमस्कार.

मिस्टर हॉलस्टेड आत्ता माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. एकतीस वर्षांची सेवा, या जलशुद्धीकरण केंद्राची पहिली काळी प्रमुख, सगळ्यांना जोडणारा पूल. मी आभारी आहे. पण खरं सांगू का, साहेब? पुलावरून माणसं जातात. थांबत कुणी नाही.

मी दमलेय. कामानं नव्हे हं. पाणी गढूळ आलं तर काय करायचं ते मला कळतं. तुरटी वाढवायची, वाट पाहायची, गाळ खाली बसतो. माणसांचं तसं नसतं.

प्रमुख झाले त्या आठवड्यात मी जेवणाच्या खोलीत आपल्या काळ्या मंडळींच्या टेबलावर बसले. दुसऱ्या दिवशी मागून कुणीतरी म्हणालं, "तुमचंच राज्य आलं म्हणायचं!" म्हणून गोऱ्यांच्या टेबलावर बसले, तर पंपावरचा ओटिस म्हणाला, "काय मिस ओडेसा, मोठ्या झालात, आम्हाला विसरलात!" त्यानंतर मी डबा माझ्या केबिनमध्येच उघडला. तो आजतागायत. अकरा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काळ्यांवरच्या अन्यायाविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली होती, आठवतं ना? तेव्हा वरून पत्र आलं की कामाच्या ठिकाणी वंशभेदावर मोकळेपणानं बोललं पाहिजे. बैठका कोण घेणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. दर गुरुवारी दुपारी दोनला. खुर्च्या गोलात मी मांडायच्या, मफिन मी आणायचे आणि कुणाला रडू आलं तर कागदी रुमाल मीच पुढे करायचा. रडायचं कोण, काळे की गोरे, ते नका विचारू. हसताय? हसा. मीही हसायचे, घरी जाताना, गाडीत एकटी.

पहिल्याच बैठकीत मी शब्द दिला होता. इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही.

कॉर्नेल बीसली आपल्याकडे फिल्टरवर होता. चौदा वर्षं. नव्या मंडळींना सांगते, अबोल माणूस, पण फिल्टरच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. पाच गुरुवार तो गप्प बसला. शेवटी मीच म्हटलं, "कॉर्नेल, तुला काहीच बोलायचं नाही?"

"बोलून काय होतं, मिस ओडेसा?"

"अरे, मी आहे ना."

तेव्हा तो बोलला. टोपी मांडीवर ठेवून, खाली बघत. "पाळीप्रमुखाची जागा तीनदा निघाली. तिन्ही वेळा मी अर्ज केला. जे तिघं नेमले ते माझ्याच हाताखाली काम शिकलेत. आता रजा मागायला मी त्यांच्याकडे जातो. मला जागा देऊ नका, पण कारण तरी सांगा."

त्यानं आवाज चढवला नव्हता. मी समोर, चार हातांवर होते.

डिसेंबरात त्याचा वार्षिक अहवाल माझ्या टेबलावर आला. त्यात शेरा होता, 'सहकाऱ्यांशी आक्रमकपणे बोलतो. जबाबदारीच्या पदास अयोग्य.' मी मिस्टर हॉलस्टेडांकडे गेले. म्हटलं, "हे गुरुवारच्या बैठकीतलं आहे. तो ओरडला नव्हता."

ते म्हणाले, "ओडेसा, काही जणांना तसं वाटलं. वाटण्याला आपण काय करणार? आणि तुम्ही सही अडवलीत, तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. आपल्या काळ्या माणसाला पाठीशी घातलं, असं म्हणाले असते. मी सही केली.

मनाला काय समजावलं असेल? मी खुर्चीवर टिकले तर पुढच्या दहा जणांचं भलं करीन. ते दहा जण कोण, हे मला आजही नावानिशी सांगता येत नाही.

कॉर्नेल अहवाल घेऊन केबिनमध्ये आला. बसला नाही. "ही सही तुमचीच ना?"

"हो."

"एवढंच विचारायचं होतं."

महिन्याभरात तो शेजारच्या काउंटीच्या केंद्रात गेला. त्यांनी हा अहवाल मागवला आणि दोन वर्षं त्याला तात्पुरता ठेवला. आज तो तिथे पाळीप्रमुख आहे. त्यात माझा काडीचाही वाटा नाही.

गेल्या सोमवारी मी एक पत्र त्याच्या फायलीत लावायला दिलं. ते परत आलं. "जाता जाता जुनी प्रकरणं कशाला उकरता?" असं मला विचारण्यात आलं. मिस्टर हॉलस्टेड, प्रश्न रास्त आहे. पण आज माईक माझ्या हातात दिलात, तर ते वाचतेच. चारच ओळी आहेत.

'मी त्या बैठकीला हजर होते. कॉर्नेल बीसली यांनी आवाज चढवला नाही, कुणाचा अपमान केला नाही. त्यांच्यावरचा शेरा खोटा आहे आणि तो खोटा आहे हे ठाऊक असताना मी खाली सही केली. ती सही मी मागे घेत आहे.'

मिसेस डोनाहू, ही प्रत आपल्या हातात देते. मंडळाच्या प्रमुखांना हातोहात दिलेला कागद नोंदवावाच लागतो, असा आपला नियम आहे. हो, आत्ताच घ्या. मी थांबते.

...आभारी आहे.

कॉर्नेल आलाय. तिकडे दाराशी उभा आहे. वळून बघू नका, त्याला आवडत नाही. फोनवर म्हणाला, "येतो, मिस ओडेसा, पण टाळ्या वाजवीन असं समजू नका."

तर मंडळी, एवढा वेळ ऐकून घेतलंत, कामाच्या दिवशी हा घाट घातलात, त्याबद्दल मनापासून आभार. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

कॉर्नेल, हे तुला नाही म्हणत. तुला पोटात घाल म्हणायचा मला हक्क नाही. तू ओरडला नव्हतास, एवढंच या सगळ्यांसमोर सांगायचं होतं.