‘येतो’ म्हणून निघालेला इलेक्ट्रॉन

आदरणीय अध्यक्ष, आमच्या संचालक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, पहिल्या रांगेतल्या काकू, आणि आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले काचकाका,

काकांविषयी दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. बत्तीस वर्षं ज्यांनी आपली काच, म्हणजे प्रयोगाच्या नळ्या-कुप्या, धुतली, त्यांच्याविषयी दोन शब्दांत काय सांगणार? शिवाय मला एक तिसरा शब्दही बोलायचा आहे. त्याची हिंमत गोळा करतेय, तोवर ऐकून घ्या.

काकू, आमचं काम असं. रंगाचा एक रेणू आणि त्याला चिकटलेली कार्बनची नळी, केसाहून हजारो पट बारीक. रंगावर प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन उठतो आणि नळीवर जातो. तिथे जरा टेकला, तर त्याच्याकडून वीज घेता येईल. पण तो कसला टेकतोय? डोळ्याचं पातं लवायच्या आत घरी परत. हे ऐकून काका म्हणाले होते, “ताई, तो ‘येतो’ म्हणून निघत असणार. त्याला ‘जातो’ म्हणायला शिकवा.” आम्ही हसलो खरे, पण तेव्हापासून मी दुसरं काय करतेय?

दुपारी लेझर लागला की काका स्टूल घेऊन कोपऱ्यात बसायचे. डोळ्यांवर तो अवजड चष्मा, समोर चौकोनी कुपीत पातळ शाईसारखं पाणी, आणि त्यातून गेलेली हिरवी रेघ. ते एकटक बघायचे. मीही आकडे लिहायचं विसरून बघत राहायचे. त्या खोलीत दुपार कुठे विरघळायची, कळायचं नाही.

अशाच एका दुपारी माझा इलेक्ट्रॉन थांबला. नेहमीपेक्षा शंभर पट जास्त वेळ. मॅडमनी परिषदेत ते जाहीर केलं, टाळ्या झाल्या. महिन्याभराने उलगडा झाला: कुपीला आदल्या प्रयोगाचा रंग चिकटून राहिला होता. थांबला होता तो इलेक्ट्रॉन नव्हे, डाग. जाहीर केलेलं सगळं मागे घ्यावं लागलं. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, “कुपी कोणी धुतली?” मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, “इथली काच मीच धुतो.” त्या दिवसापासून त्यांना लेझरच्या खोलीत यायची बंदी झाली. अकरा वर्षं ते ट्रे दाराबाहेर ठेवून परत फिरले.

मॅडम, ती कुपी मी धुतली होती. घाईघाईत, नुसत्या पाण्याने.

काका खोटं बोलले नाहीत, इथली काच तेच धुतात. खोटं माझं होतं, गप्प राहण्याचं. त्यांनी कधी विषय काढला नाही. ट्रे देताना फक्त म्हणायचे, “ताई, आधी ॲसिटोन, मग पाणी.” मला फार लाज वाटायची.

आयोजकांची मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने सांभाळून घ्यावं. न बोलण्याची माफी मात्र मी काकांकडेच मागते.

काका, चहा झाला की लेझर लावते. तुमचं स्टूल आत नेऊन ठेवलंय. हवं तेवढा वेळ बसा. आणि निघताना, तेवढं ‘येतो’ म्हणा.