बॉथेलमध्ये सुंडानीज शिकवणारं कुणी आहे का?

...नाही, पण मला एक सांगा, जेवायला शब्द किती असावेत हो माणसाला? एक! आपल्याकडे कसं, मी जेवतो, तुम्ही जेवता, शेजारचा डग जेवतो, संपला विषय! या सुंडानीजमध्ये मी जेवलो तर 'नेदा', तुम्ही जेवलात तर 'तुआंग', आणि दोस्ताबरोबर बसून हाणलं तर 'दाहार'! म्हणजे भूक लागलेल्या माणसानं आधी विचार करायचा, मी कोण, समोरचा कोण, वयानं मोठा की लहान, ओळख किती... अहो, आमटी गार होते तोवर!

बरं, शिकायची कुठे? तीन-चार कोटी लोक बोलतात हो ही भाषा! तीन-चार कोटी! आणि इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेलमध्ये शिकवणारा एक सापडेल तर शपथ!

तुम्ही म्हणाल, रवींद्र, साठी जवळ आली, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, नसता उद्योग सांगितलाय कुणी? तर तुम्हाला सांगतो. आमची इला. एकुलती एक. तिनं युनिव्हर्सिटीत मुलगा पसंत केला, गिलांग. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या बांडुंगचा. पोरगा सोन्यासारखा, खोटं कशाला बोलू? माझ्या समोरून जायचं तर कमरेत वाकून, उजवा हात खाली करून 'पुन्तेन' म्हणतो, म्हणजे माफ करा, पुढून जातोय. आमची इला? माझ्या पायावरून उडी मारून जाते! पण लग्नानंतर दोघं राहणार बांडुंगला. त्याच्या आईवडिलांजवळ. आता आली का पंचाईत? मला त्या बाईंना एक वाक्य सांगायचं होतं हो, फक्त एक. पोरीला सांभाळा. आणि ते इंग्रजीतून नाही सांगायचं मला. 'टेक केअर' काय, मी डगलासुद्धा रोज म्हणतो!

आणि त्यांच्याकडे पद्धत कशी, मुलाकडचे आधी मुलीच्या घरी येऊन 'शब्द ठेवतात'. आपण नाही का शब्द टाकत? तस्संच! मग मुलीच्या बापानं उत्तर द्यायचं. म्हणून मी शिकलो. चार महिने! फोनवर ॲप घेतलं, सकाळी ड्राइव्ह करताना फ्रीवेवर मोठमोठ्यानं पाठ करायचो, बाजूच्या गाडीतले लोक खिडक्या वर करायचे. दर रविवारी गिलांगला म्हणून दाखवायचो. तो हात जोडून, "व्हेरी गुड, काका! व्हेरी गुड!" मी खूश. बायकोला, शोभनाला म्हटलं, बघ, जावई पारखी आहे.

पाहुणे यायला तीन आठवडे राहिले, मी सहज विचारलं, तुझ्या आईला कळेल ना रे माझं? तर म्हणाला, "हो काका, आईलाही इंडोनेशियन येते. शाळेत शिकली ती."

येते? शाळेत शिकली म्हणजे? घरी काय बोलता तुम्ही?

"घरी सुंडानीज, काका."

चार महिने! मी घोकली ती इंडोनेशियन, आणि यांच्या घरची भाषा भलतीच! अरे मग पहिल्याच रविवारी सांगायचं नाहीस का? तर मान खाली. "तुम्ही किती आनंदात होतात, काका..." मोठ्या माणसाला तोंडावर चुकलात म्हणायचं नाही, असं वळण त्यांचं! म्हणजे मी खड्ड्यात पडलो असतो तरी हा वाकून 'पुन्तेन' म्हणाला असता!

आणि शोभना? आगीत तेल. "तुम्हीच ना हो ते? ऑफिसात कुणी 'यू स्पीक हिंदी, राइट?' म्हटलं की संध्याकाळी भांडी आपटणारे? आणि तुम्हाला अख्खा इंडोनेशिया एकच भाषा बोलतो असं वाटलं होय?"

लायब्ररीत गेलो, पुस्तक नाही. ॲपमध्ये शोधलं, नाही. ऑफिसात मिहीर म्हणाला, यार, थर्ड फ्लोअरला एक इंडोनेशियन आहे. धावत गेलो. तो दुसऱ्याच भागातला! हसायला लागला. तामिळ माणसाला मराठी शिकव म्हटल्यासारखं झालं ते. तीन-चार कोटी लोक बोलतात हो ही भाषा... आणि मला गाठ पडला तो नेमका न बोलणारा! शेवटी गिलांगलाच धरला. त्याला बजावलं, चुकलो की चुकलो म्हणायचं. पहिल्या दिवशी बिचाऱ्याला घाम फुटला.

आले पाहुणे. मी दारातच ठणकावलं, 'विलुजेंग सुम्पिंग!', या, स्वागत असो! सगळे खूश. बसले. मी मनात वाक्य घोकतोय. तेवढ्यात गिलांगचे वडील, पाक याया, म्हणजे आपले यायाराव, पोस्टातून रिटायर झालेले साधे गृहस्थ, उभे राहिले, खिशातून कागद काढला, घसा खाकरला, आणि...

"नमस्ते, रवींद्र जी. हम अपने पुत्र के लिए आपकी सुपुत्री का हाथ माँगने आए हैं।"

हिंदी! चार महिने शिकवणी लावून शिकले म्हणे! माझ्यासाठी!

माझं तोंड उघडलं होतं, तुम्हाला सांगतो. अहो आम्ही मराठी, हे आलंच होतं ओठांवर. पण ते कागदावरच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते हो. कपाळावर घाम. इला मागून कुजबुजते, "बाबा, डोंट यू डेअर!" आणि माझ्या तोंडातून काय निघालं?

"वाह! बहुत अच्छा!"

मग माझी पाळी. त्यांच्या पत्नीकडे, बू लीलीस, म्हणजे लीलीसबाईंकडे वळलो आणि म्हटलं, 'नितीप पुन आनाक.' माझी मुलगी तुमच्या हवाली करतोय. एवढंच. त्या माउलीनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पाच मिनिटं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. दोघंही रडलो मात्र.

आता दर रविवारी पाक यायांचा व्हिडिओ कॉल असतो. हिंदीतून. त्यांचं हिंदी काय शुद्ध! आणि माझं सातारचं. परवा मी म्हटलं, 'हमारे इधर आज लई थंडी गिरा है.' तर ते हात जोडून, मान लववून म्हणाले, "बहुत अच्छा, रवींद्र जी!"

ते 'बहुत अच्छा' कसलं असतं, ते आता मला बरोबर कळतं हो. म्हणून काय करता... येत्या सोमवारपासून हिंदीचा क्लास लावलाय!