सोपानरावांच्या वाटचा घास

कंदिलाची काच पुसली हो! राखेनं पुसली, वरनं जुनेराच्या फडक्यानं पुसली, आता आणखी पुसली तर काच न्हाई, नुसतं भोक राहील... तरी रोज सांजंला भाकरीवर बसलं की आमच्या मालकांचं आपलं एकच, "काच पुसली का गं?" मी म्हणलं पुसली. "मग वात वर कर." केली. "मग रॉकेलात पाणी असंल." आता रॉकेल काय मी घरी काढते का? गावात इजेचे खांब तेवढं आलेत, इज अजून वाटंवर हाय, म्या बाईमाणसानं काय करावं? तुम्हास्नी सांगते, दिवसा ह्या माणसाची नजर म्हंजी घारीची. पार पल्याडच्या शिवारात बैल लंगडला तर हितनं सांगत्यात कुठल्या पायानं लंगडतोय. आन् दिवस कलला की ताटातली चटणी गावंना, बोटं तांब्यात.

उन्हातनं घरात आलं की उंबऱ्यात उभं. मी म्हणते, आत या की, पाव्हणं हाय का तुम्ही? "येतो गं, डोळं जरा निवू दे." तोवर म्हस पाणी पिऊन दावणीला लागती. पांढऱ्या कपात दूध वतलं, तर कप रिकामाच हाय म्हणून परत वतलं, धोतर भिजलं, आन् बोलणी कुणाला? काचेला. एकदा तर म्हस्कू सुताराला बोलवून आणलं, का, तर म्हणे दारातला लाकडी खांब, ती मेढ, मधीच वाकलीया. म्हस्कूनं ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, म्हणला, "मारुतराव, मेढ सरळ हाय." हे म्हणाले, "आरं पोट आलंय तिला मधी, तुला दिसंना व्हय?" गडी ओळंबा गुंडाळत माझ्याजवळ आला, हळूच म्हणला, "सोजराकाकू, मेढीला काय झालं न्हाई." मी काय समजायचं ते समजले.

आन् बघायची तऱ्हा तरी कसली! बोलत्यात माझ्यासंगं, बघत्यात म्हशीकडं. मी म्हणलं, अवो, माझ्याकडं बघा की. तर म्हणाले, "तुझ्याकडंच बघतोय." मग एक दिवस आपणहून सांगितलं. समोर बघितलं की माणसाचं तोंड पुसल्यागत होतंय, कडंला बघितलं की तेच तोंड परत येतंय. उजेडात कमी, सांजंला लई. एवढं बोलून म्हशीला वैरण टाकाया उठले.  इतकी वरसं ज्या माणसानं माझ्याकडं धड बघितलं न्हाई म्हणून मी कुरकुरले, त्याला आता बघायचंय तर मीच पुसली जाते...

दौंडला डोळ्याच्या दाक्तराकडं नेलं. भला माणूस, बत्ती घालून घालून बघितलं. म्हणला, "मोतीबिंदू असता तर काढला असता, आजोबा. हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, बरोबर मधला भाग झिजायला लागलाय. कडेचं दिसत राहील. पण कमी उजेडात त्रास होणार, आणि उन्हातून अंधारात आलात की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागणार. घाई करू नका." हे म्हणाले, "म्हंजी काच पुसून..." दाक्तर म्हणला, "काच चांगलीच असेल हो." माझा जीव तेवढाच थंड झाला बघा.

एसटीतनं उतरता उतरता मालकांनी बजावलं, "कुणाला बोलायचं न्हाई." का? तर आमची लेक धुरपदा. तिची सोयरीक चालली व्हती पाटसला, सोपानरावांच्या बायकोच्या, भागुबाईच्या भाच्यासंगं. सोपानराव म्हंजी आमच्या मालकांचा जिवाचा मैतर. ह्यांचा एक बैल, त्यांचा एक बैल, अशी पोरवयापासनं दोघांची सावड. भागुबाईनंच ते स्थळ आणलेलं. पन लोक कसं बोलत्यात ठावं हाय न्हवं? "बाप आंधळा व्हतोय, उद्या लेकीचं बी डोळं गेलं तर?" म्हणून तोंड शिवलं. आन् तेवढ्यात, आखाजीच्या सणाआधी, भागुबाईच गेली. धडधाकट बाई, तापाचं निमित्त झालं.

मातीला मालक गेले, दिवसाउजेडी, सगळं नीट. सांजंला कडू घास. माती झालेल्या घरात चूल पेटत न्हाई, शेजारपाजारनं भाकरी न्यायची आन् जवळच्या माणसानं पहिला घास भरवायचा. सोपानरावांना जवळचं कोण? आमचं मालकच की. मी पिठलं-भाकरीची पाटी घेऊन बायकांत मागल्या दारानं गेले, मालक पुढल्या दारानं. भाईर अजून तांबडं व्हतं आन् आत मिट्ट, बाई गेली तिथं पिठावर ठेवलेली एवढीशी पणती, तीबी पाटीखाली झाकलेली. कुणी बोलत न्हाई, समदी माणसं डोक्यावरनं धोतर घेऊन भिंतीला बसलेली. तिथं उंबऱ्यात थांबून डोळं निवू दे म्हणायची सोय व्हती का? मालक सरळ आत गेले, सोपानराव नेहमी बसत्यात त्या जागेम्होरं बसले, घास केला, समोरच्याला भरवला. म्हणाले, "खा बाबा. खाल्लं पायजे."

घरी येताना वाटंनं मला सांगितलं, "सोपाननं खाल्लं बरं का. मला वाटलं घास उतरायचा न्हाई, पन पुरी भाकरी खाल्ली." तुम्हास्नी सांगते, त्या रातीला काच इचारली न्हाई, इतकं समाधान.

सकाळी म्हस्कू आला. पुरी भाकरी कुणी खाल्ली? हौसरावानं! सोपानरावांचा चुलतभाऊ, बांधावरनं ज्याच्यासंगं सोपानरावांचं बोलणं बंद, चार माणसांत दिसावं म्हणून येऊन बसला व्हता नुसता. त्याला भरवलं. आन् तो तरी न्हाई म्हणावं का? "मारुतरावानी मानानं दिला, मोडावा कसा?" म्हणे! सोपानराव हातभर अंतरावर बसलेले. उठले आन् गोठ्यात जाऊन बसले, रातभर उपाशी. गावात तर उधाण. सोसायटीचं इलेक्शन तोंडावर, हौसराव उभा, पारावर बसणारे म्हणत्यात, "बघितलं का, मारुतराव हौसरावाच्या पार्टीत गेले. मढ्याच्या घरात राजकारण."

मालकांनी समदं ऐकलं. दोन घोट चहा घेतला, बाकी तसाच राहिला. मी म्हणलं, जावा आन् सांगा, दिसलं न्हाई म्हणून. तर म्हणाले, "पाटसची माणसं त्याच्याच घरात उतरलीत. सांगितलं तर पोरीचं मोडंल." न्हाई सांगितलं तर? "मैतराचं मोडंल." सोपानरावांचा बैल सावडीला आला न्हाई. आमचा एकला बैल नुसता रवंथ करत बसला, आन् मालक त्याच्याजवळ. सांजंला कंदील लावला, इचारलं न्हाई काच पुसली का. मला लई वंगाळ वाटलं हो. भांडावं तरी माणसानं.

दहाव्याला ओढ्यावर सारं गाव. ऊन मी म्हणत व्हतं. पिंड ठेवला, कावळं झाडावर, एक बी शिवंना. ज्याला त्याला वाटतं बाईच्या मनात काय राहिलं असंल. भागुबाईचा पाटसचा भाऊ, पोराचा बाप, पुढं झाला, हात जोडून म्हणला, "आक्का, धुरपदाचं काळजीत असशील तर ती सोयरीक आम्ही करू." तरी कावळा हलंना. म्हणला, "मारुतराव, तुम्ही बी शबूद द्या."

मालक उठले.  म्हणाले, "शबूद देतो, पन आधी ऐका. सोपाना, त्या दिवशी मला दिसलं न्हाई. अंधारात माणसाचं तोंड मला दिसत न्हाई, दौंडच्या दाक्तरानं सांगितलंय. घास तुझाच व्हता. चुकीच्या तोंडात गेला." आन् सोपानरावांच्या म्होरं जाऊन बसले. म्हणाले, "तू उपाशी राहिलास आन् मी घरी जाऊन सोपान जेवला म्हणून निवांत झोपलो."

 सोपानराव खाली बघत बसलेले. मग म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस?"  सोपानरावांनी कुणाच्या तरी फडक्यातली भाकरी वढली, मालकांच्या हातात दिली, म्हणाले, "मग माझा घास राहिलाय अजून. दे."

मालकांनी घास मोडला. मान वळवली, बघितलं ओढ्याकडं, आन् घास बरूबर सोपानरावांच्या तोंडात. दोघं म्हातारं पोरांगत रडलं. कावळा कवा शिवून गेला, कुणी बघितलंच न्हाई.

बैल आला सावडीला. सोपानराव रोज सांजंला येत्यात, अंगणातनंच "मारुती, मी सोपान" म्हणत्यात, मग आत पाय ठेवत्यात. पाटसची माणसं मात्र "घरी इचारून कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. धुरपदा म्हणती, "जाऊ दे आई, आबांचा मैतर तर ऱ्हायला." तिला काय जातंय म्हणायला! दुसरं स्थळ मला हुडकायचंय, आन् वर पाव्हण्यांना निरोप धाडायचाय, बाबांनो, पोरगी बघायला यायचं तर भर दुपारी या.