बाहेर जाणारं चित्र

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात, रांगेत माझ्यापुढे एक सासू आणि सून उभ्या होत्या.

"आई, तुम्ही बसा ना तिकडे. पाय दुखतील."

"दुखू देत. शेजारणीने घेतलंय तेच घेऊ या की, स्वस्त आहे."

"त्या नुसत्या मालिका बघतात. मी दिवसभर घरून व्हिडिओवर दवाखान्यातल्या कर्णबधिर पेशंटशी खुणांनी बोलते. माझे हात त्यांना नीट दिसायला हवेत."

"काल रडत का होतीस गं?"

"एक बाळंतीण होती. बाळाला तपासायला पलीकडे नेलेलं. डॉक्टर म्हणाले, बाळ सुखरूप आहे, सांगा तिला. मी हात उचलले आणि तिच्याकडचं माझं चित्र थिजलं. तिला वाटलं, मला सांगवत नाहीये."

"अगं बाई! मग?"

"नर्सने बाळ आणून छातीवर ठेवलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला."

"चल, आपला नंबर आला. मी बोलते."

"या आजी. या प्लॅनवर शंभर चॅनल फुकट आहेत."

"चॅनल ठेवा तुमच्याकडे. आमच्या घरून बाहेर जाणारं चित्र अडकणार नाही ना, तेवढं सांगा."

"डाउनलोड तर आमचं एकदम सुसाट..."

"येणारं नाही हो, जाणारं विचारतेय."

"अपलोड होय? त्याची खात्री नाही देता येणार, आजी."

"मग राहू दे. चल गं, समोर दुसऱ्या कंपनीचं ऑफिस आहे."

"आई, तिथेही असंच म्हणाले तर?"

"तर तिसरीकडे जाऊ. तू हात चालव, तोंड मी चालवते."