त्र्यंबकरावांचा आवाज आणि न दिलेलं वचन

मंडळी, सावरून बसा आणि मला सांगा — ज्यानं वचन दिलंच नाही, त्यानं ते मोडलं म्हणून रुसता येतं का? नाही ना? मग आपण रोज कसे रुसतो!

ऐका तर. त्र्यंबकराव भजनी बुवा. गळा असा, की देवळाचे खांबसुद्धा माना डोलवायचे! घशाचं ऑपरेशन झालं — आवाज गेला. पत्नी इंदुमती. बाई माजघरात पोळी लाटता लाटता थांबायच्या. हाक आली का? छे! वारा.

लेक केतकी प्रोग्रामर. तिनं जुन्या कॅसेटमधून बाबांचा आवाज काढून एका डबीत बसवला. बाबांनी टाइप करायचं, डबीनं बोलायचं! डबीचा जीव लहान, म्हणून काही ओळी तिनं थेट यंत्राच्या बोलीत, असेंब्लीत लिहिल्या. बाकीचा प्रोग्राम यंत्राला समजावणारा दुभाष्या म्हणजे कंपायलर. केतकीनं सुराचा आकडा एका रजिस्टरमध्ये — यंत्राच्या आतल्या कोनाड्यात — ठेवला, आणि दुभाष्याला सांगितलंच नाही!

तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, दुभाष्या तो कोनाडा मोकळा ठेवतो असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही गं, पण ठेवतो की रोज!"

हसू नका! 'हा धडा परीक्षेत कधीच येत नाही' म्हणून आमच्या अर्ध्या वर्गानं सोडला होता. आला!

इंदुमतींची साठी. जन्मभर 'अगं' म्हणणाऱ्या त्र्यंबकरावांनी ठरवलं — आज चारचौघांत नाव घ्यायचं! नाव गोड उमटावं म्हणून केतकीनं प्रोग्राम सुधारला, नव्या कंपायलरमधून काढला. बटण दाबलं —

घर्रर्र!

नव्या दुभाष्यानं कोनाड्यात स्वतःचं सामान ठेवलेलं! त्याचं काय चुकलं?

पाहुणे हसले. इंदुमती म्हणाल्या, "राहू दे गं केतकी. न बोलताही कळतं मला त्यांच्या मनातलं."

त्र्यंबकरावांनी जोरात नकाराची मान हलवली आणि टाइप केलं. डबीच्या पडद्यावर अक्षरं उमटली — 'तुला कळतं, या भरवशावरच आजवर म्हणालो नाही.'

केतकीनं लॅपटॉप ओढला आणि दुभाष्यासाठी रीतसर लिहिलं — हा कोनाडा मी वापरतेय, इथं तुझं काही ठेवू नकोस. एवढंच! सांगितलं, की दुभाष्या ऐकतो हो!

पुन्हा बटण. आणि तोच आवाज, तोच! — "इंदू..."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "अहो, नीट ऐकू नाही आलं. पुन्हा म्हणा!"

मंडळी, टाळ्या नंतर. आधी शेजारी बघा. तुमच्या घरात कुणाचे कान असेच दाराशी लागलेत? त्यांना कळत असेल, म्हणता? कुठं लिहिलंय तसं? जा — आणि गळा आहे तोवर म्हणा!