देवीचे वण

जुन्नरच्या स्टँडवर तळेघरच्या गाडीची वाट बघताना प्रयागबाईंच्या कानावर शेजारच्या आत्या-भाचीचं बोलणं पडलं.

“आत्या, मोबाइलवर हा बघ जगात नावाजलेला फोटोग्राफर! म्हाताऱ्यांची एकेक सुरकुती टिपतो.”

“मढं त्या सुरकुत्यांचं! फोटोवाला म्हंजे आमचा दिलावरभाई. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तोंडावरचे देवीचे वण घालवायचा. तुझ्या आजीचे मीच घालवून घेतले.”

“आजी नको म्हणाली नाही?”

“म्हणाली, ‘हाय तसं राहू दे गं.’ म्या ऐकलं न्हाई.”

“पण फोटो देखणा आलाय की!”

“लई देखणा. रोज हात जोडते, पण त्यात माझी आई सापडत न्हाई. वण कुठल्या गालावर जास्त व्हते, तेबी आता आठवंना.”

“दुसरा फोटो नाही?”

“एकच काढला व्हता. तुझा हा फोटोवाला तवा कुठं व्हता गं?”