दहाच्या बैठकीतलं बदक

...आणि वर मलाच विचारतात, "तुझा सिग्नल तपासलास का?" मला! तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं हौशी रेडिओत काढली मी, अख्ख्या फ्रीसलंड प्रांतात कुणाच्या लहरीत कचरा आला की लोक वोबेला फोन करतात, म्हणजे मला, आणि मलाच हा प्रश्न! माझा सिग्नल? धुतल्या तांदळासारखा!

आता हे सुरू कुठून झालं, तर डाउवेपासून. डाउवे म्हणजे माझा चाळीस वर्षांचा दोस्त. रोज सकाळी दहाला आम्हा आठ जणांची रेडिओवर बैठक, पट्ट्यावर ठरलेली जागा, आपापल्या घरी आपापली कॉफी... तर मी नवा सेट घेतला, कॉम्प्युटरवाला. बटण म्हणून नाही त्याला, सगळं पडद्यावर. सुरू करताच पडदा विचारतो, समतोल जुळवायचा का? मी दाबलं, 'नंतर'. चाळीस वर्षांनी आता पडद्याचं ऐकायचं का मी? आणि त्याच सकाळी, सगळ्यांच्या देखत, डाउवे म्हणतो, "वोबे, तुझा सिग्नल जरा पसरट येतोय रे." पसरट! माणसाच्या घराला नावं ठेवा, कुत्र्याला ठेवा, पण सिग्नलला? मी म्हणालो, पसरट तुझे कान. शब्दाने शब्द वाढला, तू असशील तिथे पाऊल ठेवणार नाही, डाउवे म्हणाला, आणि मी उठलो, त्याच पट्ट्यावर थोडं वर माझी वेगळी बैठक मांडली. बरोबर दहाला! सभासद दोन. मी आणि हिडे. हिडेला ऐकू येत नाही. मग विषय काय उरणार? डाउवे! मी अर्धा तास डाउवेची सालटी काढायचो आणि हिडे म्हणायचा, हो, वारा आहेच आज.

तेवढ्यात डाउवेच्या फुप्फुसांनी दगा दिला. त्याला वृद्धाश्रमात हलवला. तिथे त्याने जुना सेट उशाशी घेतला, खिडकीतून तार सोडली, ताकद किती, तर सायकलच्या दिव्याएवढी. दहाला दोन वाक्यं बोलायचा, त्या दोन वाक्यांसाठी उरलेला दिवस गप्प पडून राहायचा. आणि नेमक्या त्या दोन वाक्यांवर... बदक! क्वॅक क्वॅक क्वॅक, एक शब्द कळेल तर शपथ, नुसतं चिडलेलं बदक! मरायला टेकलेल्या माणसाच्या तोंडावर!

क्लबची सेक्रेटरी ब्रेख्त, तिचा फोन आला, हे कुणीतरी मुद्दाम करतंय, वोबे, तूच शोध. भांडण भांडणाच्या जागी, पण माझं डोकं फिरलं. तीन आठवडे गाडीत तो दिशा दाखवणारा अँटेना घेऊन बंधाऱ्या-बंधाऱ्याने हिंडलो, वाऱ्याने मान आखडली... आणि चोर इतका हुशार, तुम्हाला सांगतो, मी शोधायला बाहेर पडलो की गप्प! घरी येऊन माझ्या बैठकीला बसलो की सुरू! पाळत होती माझ्यावर! मग एक दिवस मी बैठकीत असताना ब्रेख्तने दोन गावांतून त्या बदकाच्या दिशा घेतल्या, नकाशावर दोन रेघा मारल्या, तर त्या कुठे मिळाल्या? माझ्या छपरावर! मी म्हटलं, नकाशा जुना आहे. तेव्हा तिने विचारलं हो ते, सिग्नल तपासलास का. माझा? धुतल्या तांदळासारखा!

शेवटी आल्त्ये. माझी बायको, रेडिओतलं तिला ओ की ठो कळत नाही. स्वयंपाकघरातल्या छोट्या सेटवर ती डाउवेची बैठक ऐकायची, मला न सांगता. एक दिवस साखरेचा पाव कापता कापता म्हणाली, "तू खोकलास की ते बदक खोकतं."

मी तडक जाऊन सेटचा पडदा उघडला. तर काय, त्या सेटात आवाजाचे दोन भाग होतात, दोन्ही सारखे तोलावे लागतात, जरा कमीजास्त झाले की मधल्या रेघेच्या वर जितका मी, तितकंच खाली माझं भूत, नेमकं डाउवेच्या बैठकीवर. आणि उलटं! आरशातल्यासारखं, म्हणून क्वॅक क्वॅक. ऐकणाऱ्यांच्या जुन्या सेटवर एक बटण असतं, आवाजाची बाजू बदलणारं, ते कुणी फिरवलं असतं तर माझा आवाज लख्ख आला असता, पण आमच्या पट्ट्यावर सगळे खालच्याच बाजूने बोलतात, ते बटण कुणी हलवतच नाही. दुरुस्ती किती वेळाची? दीड मिनिट.

ब्रेख्तला सांगितलं, चोर पळाला. डाउवेला सांगायला रविवारी साखरेचा पाव घेऊन जाणार होतो... पण तोंड कसं दाखवू? म्हटलं, नंतर. नवव्या दिवशी डाउवे गेला. शेवटचे दिवस त्याचा आवाज अगदी स्वच्छ यायचा म्हणे. स्मशानात ब्रेख्त सांगत होती, रोज एकच वाक्य बोलायचा, "आज बदक नाही का?" सगळे हसायचे.

चार महिन्यांनी क्लबात माझ्या खणात कार्ड आलं. आमच्यात रिवाज आहे, कुणाचा सिग्नल ऐकला की पोच म्हणून कार्ड पाठवायचं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीतून फिरून येतं, मग पाठवणारा बारा किलोमीटरवर का असेना. अक्षर डाउवेचं, थरथरतं. तारीख मी दुरुस्ती केली त्याच्या दोन आठवडे आधीची. जागा, त्याच्या बैठकीची. बाजू, वरची. खाली लिहिलंय: "पडून पडून काय करायचं, ते बटण फिरवून पाहिलं. तर तू. शिव्या स्पष्ट पोचतात. मी तुझ्याकडे येणार नव्हतो, तूच आलास. दुरुस्त करू नकोस."

...

आता रोज दहाला पाच कमी असताना, मंडळी जमायच्या आत, मी तो समतोल जरा बिघडवतो. मुद्दाम. थोडं बोलतो. दोन शिव्या घालतो, मग परत जुळवून ठेवतो. परवा ब्रेख्तचा फोन. वोबे, ते बदक परत आलं, तुझा सिग्नल एकदा बघतोस का?

म्हटलं, शोधतो की. सिग्नलचं म्हणशील तर आपला... धुतल्या तांदळासारखा.